ते तळं नाही, वावर आहे

माझ्या हातून झालेली आणि सर्वांत जास्त लोकांनी पाहिलेली गोष्ट म्हणजे २८ सेकंदांचं एक रील आहे. सहा वर्षं झाली, मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. ते चालू असतं तोवर कुणाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही, बंद पडलं की रात्री दोन वाजता फोन येतो. रीलचं तसं नव्हतं. दोन दिवसांत दोन लाखांच्या वर लोकांनी ते पाहिलं. माझ्या मॅनेजरनेही पाहिलं आणि 'हे तुझं गाव?' असं विचारलं.

रील सहस्रकुंडचं होतं. यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेड तालुका आणि नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका यांच्या मधून पैनगंगा वाहते. एका ठिकाणी ती काळ्याकुळकुळीत खडकांमधून खाली कोसळते, तो सहस्रकुंडचा धबधबा. आमच्या बाजूला मुरली, पलीकडे इस्लापूर. तीन पावसाळ्यांपूर्वी ऑगस्टमध्ये मी सुट्टीवर गावी आलो होतो. पाऊस दोन दिवस थांबलेला, मित्राकडे बाईक होती, नदी तुडुंब होती. फोन काढला.

रीलची रचना सांगतो, कारण पुढे तिच्याबद्दलच बोलायचं आहे. पहिले तीन सेकंद मोठ्या अक्षरात 'हे ठिकाण महाराष्ट्रात आहे यावर तुमचा विश्वास बसणार नाही!' मग धबधबा, स्लो मोशनमध्ये. मग खडकावरून उडणारे तुषार. मग वाटेत टिपलेला एक शांत शॉट: रस्त्याच्या कडेला चकाकणारं पाणी, त्यात उभी असलेली दोन-चार बाभळीची झाडं, वर ढग. मग पुन्हा धबधबा. मागे बासरी. खाली कॅप्शन: 'विदर्भातला स्वर्ग. पावसाळ्यात एकदा तरी नक्की भेट द्या.' कमेंट्समध्ये लोक म्हणाले, केरळ वाटतंय. बाभळीच्या त्या शॉटवर सगळ्यात जास्त बदाम पडले.

चौथ्या दिवशी मामाचा फोन आला. मामाचं गाव पैनगंगेच्या काठावर आहे, उमरखेड तालुक्यातच.

'पाह्यलं तुह्यं रील,' मामा म्हणाला. 'चांगलं हाय. पन मधात ते तळं दाखोलं ना तू, झाडं उभे हायत पान्यात.'

'हो.'

'ते तळं नाई बाप्पा, वावर हाय.'

मी घाबरून विचारलं, 'आपलं?'

'आपलं नाई. आपलं अजून खाली हाय. ते तं दिसूनच नाई रायलं.'

मामा चिडला नव्हता. नंतर आईची तब्येत, माझी नोकरी, लग्नाचं काय, असं नेहमीचं बोलून त्याने फोन ठेवला. मी रील डिलीट केलं नाही. ते अजून तिथेच आहे. पण तेव्हापासून 'पाहण्यासारखी ठिकाणे' या प्रकारचं जे काही मराठीत लिहिलं-दाखवलं जातं, ते मी एखाद्या वाङ्मयप्रकारासारखं वाचायला लागलो. कादंबरीवर समीक्षा होते, कवितेवर होते. जे मराठी लेखन माझ्या वयाची मुलं खरोखर रोज वाचतात, म्हणजे कॅप्शन, ठिकाणांच्या याद्या, रिव्ह्यू, त्यावर मात्र कुणी समीक्षा करत नाही. म्हणून हा प्रयत्न. आणि सुरुवातीलाच सांगतो, या प्रकारच्या वाईट लेखनाचा नमुना म्हणून माझंच रील मी घेतलं आहे.

यादी कशी लिहिली जाते

'यवतमाळ जिल्ह्यातील पाहण्यासारखी १० ठिकाणे' असं शोधा. सहस्रकुंड येईल. टिपेश्वर अभयारण्य येईल, पैनगंगा अभयारण्य येईल, कळंबचा चिंतामणी येईल. प्रत्येकाखाली चार-पाच ओळी. त्या ओळींमधली विशेषणं मोजा: निसर्गरम्य, नयनरम्य, मनमोहक, विलोभनीय, हिरवागार. निसर्गाने इथे मुक्तहस्ते उधळण केलेली असते, पर्यटकांची पावलं आपोआप वळलेली असतात आणि हिरवा शालू तर नेसलेलाच असतो. आता ठिकाणांची नावं झाका आणि ओळींची अदलाबदल करा. काही फरक पडत नाही. सहस्रकुंडच्या ओळी आंबोलीला चालतात, आंबोलीच्या ठोसेघरला. कोडच्या भाषेत सांगायचं तर हे टेम्प्लेट आहे, नाव फक्त व्हेरिएबल.

हे टेम्प्लेट कुठून आलं? माझ्या मते सह्याद्रीतून. पाऊस म्हणजे धुकं, घाट, धबधबा, भजी, ही जी आपल्या डोळ्यांपुढची मराठी पावसाची चौकट आहे, ती पुण्या-मुंबईहून शनिवार-रविवारी जाता येईल अशा डोंगरांवर घडलेली आहे. तिथे ती खोटीही नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि दिवसेंदिवस पडतो. यवतमाळ जिल्ह्याची सरासरी साधारण ९०० मिलिमीटर आहे. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस आला की लोक आकाशाकडे कौतुकाने बघत नाहीत, पेरणी करायची की थांबायचं याचा हिशेब करतात. मधे वीस दिवस खंड पडतो. मग एका रात्रीत इतका पडतो की मोजमाप संपतं. २२ जुलै २०२३ ला जिल्ह्यात असाच पाऊस झाला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर चाळीसहून जास्त लोक पुरात अडकले आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. अशा पावसाला सह्याद्रीचा शालू नेसवला की तो दिसेनासा होतो.

यादीला फक्त हिरवा रंग आणि पाणी दिसतं, याचं आणखी एक उदाहरण. २०२२ साली वणी-पांढरकवडा भागात शिबला-पार्डी इथे रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून दगडाचे कोनदार खांब निघाले. एकाला एक चिकटून, जणू कुणी घडवून रचून ठेवलेले. जुनं बांधकाम असावं असं काहींना वाटलं. तो स्तंभाकार बसाल्ट होता. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे खांब तयार होतात. दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. असेच खांब बघायला लोक उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला विमानाने जातात आणि कर्नाटकात सेंट मेरी बेटांवर बोटीने. आमच्या यादीत त्याचं नाव क्वचित दिसतं. कारण त्याला 'नयनरम्य' म्हणता येत नाही. ते समजून घ्यावं लागतं.

आणि टिपेश्वर. १९९७ साली जाहीर झालेलं, सुमारे १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. यादी म्हणते, 'इथे हमखास वाघ दिसतो.' वाघाला हे माहीत नसतं. टिपेश्वरमध्ये जन्मलेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ २०१९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तिथून निघाला आणि शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणात डोकावून, शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी वाटचाल मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. त्या वाटेवर तो कुणाकुणाच्या वावरातून गेला असेल. त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तिला मारण्यावरून देशभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या दोन वर्षांत कापूस वेचायला सकाळी किती वाजता निघायचं, हा प्रश्न ज्यांच्यापुढे होता त्यांना 'हमखास दिसतो' या शब्दांचा अर्थ वेगळा ऐकू येतो. एकच वाघ जिप्सीतून बघितला तर आकर्षण आणि धुऱ्यावरून बघितला तर संध्याकाळची संचारबंदी. यादीला फक्त जिप्सी माहीत आहे.

२४ तास खुले

नकाशाच्या ॲपवर बऱ्याच धबधब्यांच्या नावाखाली '२४ तास खुले' असं लिहिलेलं असतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. मग लक्षात आलं की अशी चूक मीही केली असती. ठिकाण साठवायचं म्हणजे नाव, अक्षांश, रेखांश, वेळ, रेटिंग, फोटो. किराणा दुकानासाठी बनवलेल्या तक्त्यात धबधबा बसवला की तो दुकानासारखा वागायला हवा अशी अपेक्षा तयार होते. मग लोक मे महिन्यात जातात आणि एक तारा देऊन लिहितात, 'पाणी नव्हतं. वेळ वाया.'

सहस्रकुंडला पाणी कुठून येतं? पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाशिम-हिंगोलीकडून येते. पुसद आणि कळमनुरी तालुक्यांच्या मधे तिच्यावर इसापूरचं धरण आहे. त्याचे कालवे हदगाव, उमरखेड, नांदेडकडच्या शेतांना पाणी देतात. धरणाच्या खाली कयाधू येऊन मिळते. उन्हाळ्यात खालचं पात्र कोरडं पडतं आणि काठची गावं धरणातून पाणी सोडा अशी मागणी करत राहतात. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात. मग सहस्रकुंड 'जिवंत' होतं, आणि त्याच वेळी नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा जातो. म्हणजे माझ्या रीलच्या मागची घटना आणि मामाच्या फोनवर आलेल्या मेसेजच्या मागची घटना एकच होती. दरवाजे इतके फूट, विसर्ग इतका. ज्या पाण्याला मी 'निसर्ग' म्हटलं, त्याची सुटण्याची वेळ कुठल्या तरी कंट्रोल रूमच्या रजिस्टरमध्ये लिहिलेली होती.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठलाही जरा रुंद धबधबा दिसला की आपण त्याला 'मिनी नायगरा' म्हणतो. खुद्द नायगराचं पाणी तरी कुठे मोकळं आहे? १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी वाहू द्यावं लागतं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्म्यावर भागतं. बाकीचं वीज बनवायला वळवता येतं. आपल्या शेजारी कर्नाटकात जोगचा धबधबा शरावतीवरच्या लिंगनमक्की धरणाच्या मर्जीवर असतो. धबधबा ही जागा कमी आणि घटना जास्त असते. तिला तारीख असते, आणि ती वरच्या बाजूला आधीच घडलेली असते.

ही तारीख लिखाणातून काढून टाकली की काय होतं, ते दर पावसाळ्यात दिसतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. वर पाऊस झाला, पाणी अचानक वाढलं, ते मधल्या खडकावर अडकले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले. प्रत्येक वेळी चर्चा 'लोक बेजबाबदार झालेत' यावर येऊन थांबते. काही असतीलही. पण आपण जे लिहितो, दाखवतो, त्यात धबधबा चित्रासारखा स्थिर असतो. चित्रासमोर उभं राहताना वर कुठे पाऊस पडतोय का हे कुणी बघत नाही. 'एकदा तरी नक्की भेट द्या' हे वाक्य मी लिहिलं तेव्हा 'कधी' आणि 'कुठे उभं राहू नका' हे दोन शब्दसमूह मला सुचलेसुद्धा नाहीत.

त्याच पाण्याचं दुसरं वर्णन

त्या ऑगस्टमध्ये त्याच पाण्याचं आणखी एक वर्णन लिहिलं गेलं. ते तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी लिहिलं. त्याला पंचनामा म्हणतात.

पुढच्या सुट्टीत मामाकडे मी त्याच्या पंचनाम्याची माहिती वाचली. गट नंबर. खातेदाराचं नाव. एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र. पीक: सोयाबीन, कापूस. नुकसानीची टक्केवारी. ३३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मदत नाही, म्हणून त्या एका आकड्यावर सगळ्यांचं लक्ष. जमीन खरडून गेली असेल तर त्याची वेगळी नोंद. 'खरडून जाणे' हा सरकारी शब्द आहे, पण मला तो नीट ठाऊक आहे. मामाच्या वावराच्या नदीकडच्या भागातली वरची काळी माती गेली आणि खालून मुरूम वर आला. मामा म्हणाला, 'पीक तं पुढच्या साली येते. माती कोन आनून देईन?'

कॅप्शन आणि पंचनामा शेजारी ठेवून पाहा. एकाच आठवड्यातलं, एकाच नदीचं, एकाच भाषेतलं लेखन आहे. कॅप्शनमध्ये सौंदर्य आहे, पण माणूस नाही, तारीख नाही, मोजमाप नाही. पंचनाम्यात माणूस आहे, तारीख आहे, आर आणि हेक्टर आहेत, पण नदी कुठेच नाही. ती 'अतिवृष्टी व पूर' या कारणाच्या रकान्यात बसली आहे. लेखन म्हणून मला पंचनामा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण चुकीचं लिहिलं तर त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. कॅप्शनची किंमत कुणी मोजत नाही, निदान लिहिणारा तरी नाही.

पण पंचनाम्याची भाषाही पुरेशी नाही, हे यवतमाळच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या जिल्ह्याचे बाहेरच्या जगात दोनच फोटो आहेत. एक हा धबधब्याचा. दुसरा भेगाळलेल्या जमिनीचा, डोक्याला हात लावून बसलेल्या शेतकऱ्याचा. कॉलेजात नवीन मुलांना 'यवतमाळ' म्हटलं की आधी गप्प व्हायचं आणि मग 'तिकडे आत्महत्या होतात ना?' असं विचारायचं, हा माझा नेहमीचा अनुभव. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यावर जे रामायण झालं ते सर्वांना माहीत आहे. शेवटी उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या बोलल्या आणि चांगलं बोलल्या. पण तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या मला वाटून गेलं की आमच्याकडून साहित्याला फक्त दुःख हवं आहे, जसं आज रीलला फक्त पाणी हवं आहे.

माझं रील हे त्या दुसऱ्या फोटोला दिलेलं उत्तर होतं, हेही मला कबूल केलं पाहिजे. ऑफिसमधल्या लोकांना दाखवायचं होतं की आमच्याकडेही काही सुंदर आहे. ती इच्छा चुकीची नव्हती, आणि सहस्रकुंड सुंदरच आहे. पुराच्या दिवसात त्या खडकांसमोर उभं राहिलं की बोलणं ऐकू येत नाही, छातीत धडधड जाणवते. चूक इतकीच झाली की एका अर्धवट चित्रावर उतारा म्हणून मी दुसरं अर्धवट चित्र दिलं.

दोन्ही डोळ्यांनी पाहणारे

सौंदर्य आणि हिशेब एकत्र येऊ शकत नाहीत असं नाही. मराठीत ते झालेलं आहे.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं. मला ते इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, परीक्षेच्या तोंडावर, लायब्ररीत सापडलं. त्या पुस्तकाची रचनाच उत्तर आहे. ते ठिकाणांनी बांधलेलं नाही, महिन्यांनी बांधलेलं आहे. चैत्रातलं झाड आणि आषाढातलं तेच झाड ही दोन वेगळी दृश्यं आहेत, असं मानून चालणारं पुस्तक. त्यात कुठलाच महिना 'ऑफ सीझन' नाही. ऋतूने लिहिलं की निष्पर्ण फांदीही बघावीशी वाटते आणि ठिकाणाने लिहिलं की कोरडा धबधबा फसवणूक वाटतो, हे मला तिथे कळलं. अर्थात दुर्गाबाईंच्या निसर्गात राबणारी माणसं तुलनेने कमी भेटतात. ती कसर मारुती चितमपल्ली भरून काढतात.

चितमपल्ली वनखात्यात होते. मेळघाट, नागझिरा, नवेगावबांध अशा विदर्भातल्या जंगलांत त्यांचं आयुष्य गेलं, जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या लेखनात जंगल बघायला येणारा माणूस जवळपास नसतोच. तिथे असतात ती जंगलात राहणारी आणि काम करणारी माणसं, आणि त्यांच्याकडून आलेले शब्द. पक्ष्यांची, झाडांची, वाटांची नावं. त्यांच्या सगळ्याच नोंदी शास्त्राच्या कसोटीवर उतरतील असं नाही, काही ठिकाणी लोककथा आणि निरीक्षण यांच्यातली सीमा पुसट होते. तरी एक गोष्ट ते कधी विसरत नाहीत: ही माहिती कुणी दिली. माझ्या रीलमधल्या त्या शांत शॉटला मी 'तळं' समजलो, कारण तिथे उभं राहून मी कुणालाही विचारलं नाही की हे काय आहे. रस्त्याच्या पलीकडे दोन माणसं उभी होती. व्हिडिओचं मूळ फुटेज मी नंतर पाहिलं. फ्रेम स्वच्छ दिसावी म्हणून मी त्यांना क्रॉप केलं होतं.

पर्यटनाच्या विरोधात मी नाही. सहस्रकुंडला पाणी आलं की मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईचा, चहाच्या टपरीचा, रिक्षावाल्याचा धंदा होतो. टिपेश्वरच्या गेटवर गाईड म्हणून उभ्या राहणाऱ्या मुलांना गावात राहून पगार मिळतो, ही लहान गोष्ट नाही. लोकांनी यावं. पण येणाऱ्याला आपण काय सांगतो, ते बदलायला हवं. चार साध्या गोष्टी पुरतील: हे आज असं का दिसतंय, पाणी कुठून आलं, कालपासून इथे काय झालं, आणि ही जमीन कुणाची आहे. ही माहिती द्यायला जागा लागत नाही. माझ्या कॅप्शनमध्ये 'विदर्भातला स्वर्ग' लिहायला जेवढी लागली तेवढीच पुरते: 'इसापूरचे दरवाजे काल उघडले. वाटेत दिसतं ते पुरात बुडालेलं सोयाबीन आहे.' असं लिहिलं असतं तर कमी लोकांनी पाहिलं असतं का? बहुतेक हो. धबधबा कमी सुंदर दिसला असता का? मला नाही वाटत.

एप्रिल

या वर्षी एप्रिलमध्ये मी पुन्हा सहस्रकुंडला गेलो. मामाला बाईकवर मागे बसवून नेलं. ऊन चाळीसच्या वर. नदी म्हणजे खडकांचं मोकळं अंगण झालेलं, मधे मधे हिरवट पाण्याची डबकी. नावातली कुंडं दिसतात ती याच दिवसांत. दोन पोरं गळ टाकून बसली होती. पावसाळ्यात ज्या कडेला उभं राहायची भीती वाटते तिथपर्यंत चालत गेलो. दगड हाताला तव्यासारखा लागत होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो यापेक्षा गरम होता, असं मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, 'असन.'

मग त्याने दाखवायला सुरुवात केली. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खडकावरची खूण. झाडाच्या फांदीत, डोक्याच्या वर, अजून अडकून राहिलेला पुरातला कचरा आणि प्लास्टिक. नदी कोणत्या काठाला दरवर्षी थोडी थोडी खाते. मी फोन काढला आणि या वेळी आवाज बंद केला नाही. बासरी लावली नाही. ५० सेकंद, मामाचा हात आणि मामाचा आवाज. कॅप्शनमध्ये तारीख टाकली, नदी कोरडी का आहे ते लिहिलं.

ते रील आजपर्यंत ४१२ लोकांनी पाहिलं आहे. एकाने विचारलं, 'पाणी कधी येतं?' प्रश्न चांगला होता. मी सविस्तर उत्तर दिलं.

रात्री जेवताना मामाला रील दाखवलं. त्याने चष्मा लावून पूर्ण बघितलं, मग फोन परत दिला.

'यात पाह्यासारखं काय हाय बाप्पा?' तो म्हणाला. 'पानी तं नाईच.'

मी काही बोललो नाही. मामीने ताटात आणखी एक भाकर वाढली. थोड्या वेळाने मामाच म्हणाला, 'अवंदा गेट उघडले का तुले फोन करतो. मंग ये. पन पयले आपल्या वावरात ये, मंग तिकडं जाऊ.'